कंपनी म्हणते परत द्या, दुकानदार म्हणतो माहीत नाही

प्रश्न : भाचा दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून आला तेव्हा त्याने दहा हजार एमएएचची पॉवर बँक आणून दिली. आता त्याचा निरोप आला की कंपनीने ती परत मागवली आहे, वापरू नकोस. आमची तर नीट चालते, फक्त मधोमध थोडी फुगल्यासारखी वाटते. बर्डीवर एका मोबाइलच्या दुकानात दाखवली, तर तो म्हणाला, "रिकॉल-बिकॉल गाड्यांचे असतात, मला काही माहीत नाही." हे ऐकून शेजारणीने आमचा कुकर उलटापालटा करून पाहिला. गेल्या वर्षी ऑनलाइन ८९९ रुपयांना घेतला होता. त्यावर आयएसआयचा शिक्काच नाही. साइटवाले म्हणतात परतीची मुदत संपली. हा कुकर वापरू की नको? घरी कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला तर? आणि असंच असेल तर आमच्या लोखंडी कूलरचंही काही तपासायचं असतं का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर :

ताई, पुढचं वाचण्याआधी उठून एक काम करा. पॉवर बँक चार्जिंगला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग वायर काढा, आणि ती पुन्हा लावू नका. कंपनीने तिला परत मागवलं असो वा नसो, फुगलेली पॉवर बँक बादच. त्यासाठी कुठलीही यादी बघायची गरज नाही.

आतला सेल म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांची घडी आणि त्यात मुरलेलं ज्वलनशील द्रावण. सेल बिघडू लागला की या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. म्हणून तिला दाबून सपाट करायचा प्रयत्न नको. टाचणी टोचून 'हवा' काढायची नाही. 'आधी पूर्ण उतरवून घेऊ' म्हणून फोन लावून बसायचं नाही. थंड राहावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारेही आहेत, तेही नको. घराजवळ कुठे बांधकाम चालू असेल तर घमेलंभर कोरडी रेती आणा. जुन्या लोखंडी बादलीत तिचा थर द्या, त्यावर पॉवर बँक ठेवा आणि वरून पुन्हा रेती टाका. बादलीवर घट्ट झाकण नको, कारण वायूला बाहेर पडायला वाट हवी. बादली सावलीत, फरशीवर ठेवा. गॅस सिलिंडर, पडदे आणि दाराची वाट यांपासून लांब. गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. मे महिन्यात नागपुरात बाहेरच पारा ४५ च्या घरात असतो, बंद गाडीच्या आत तो त्याच्या कितीतरी वर जातो.

धूर यायला लागला तर हात लावायचा नाही. घरातल्यांना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा. तो धूर विषारी असतो, तोंडाला ओला रुमाल बांधल्याने भागत नाही. ही आग विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते, कारण आतल्या आत उष्णता तयार होतच राहते. म्हणून तिला भरपूर पाण्याने सतत थंड करावं लागतं. ते काम अग्निशमन दलाला करू द्या.

आता भाच्याच्या निरोपाकडे वळू.

परत मागवली जाते ती कंपनी नव्हे, त्या कंपनीचा ठराविक माल : अमुक मॉडेल, अमुक काळात विकलेलं, कधी कधी अमुक अनुक्रमांकांमधलंच. व्हॉट्सअ‍ॅपवर येता येता हे सगळं गळून पडतं आणि उरतं एवढंच, 'त्या कंपनीचं वापरू नका.' एक उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये अँकरने (आपल्या घरातल्या बटणांची अँकर नव्हे, चार्जर-पॉवर बँकवाली चिनी कंपनी) अमेरिकेत पॉवरकोअर १०००० ही पॉवर बँक परत मागवली. मॉडेल क्रमांक ए१२६३, विक्रीचा काळ जून २०१६ ते डिसेंबर २०२२, संख्या साडेअकरा लाखांच्या वर. त्याच कंपनीच्या त्याच क्षमतेच्या पण वेगळ्या क्रमांकाच्या पॉवर बँका त्या घोषणेत नव्हत्या. पुढे काही आठवड्यांतच आणखी काही मॉडेलं परत मागवली गेली, म्हणजे एकदा यादी पाहून मोकळं होता येत नाही. तुमची कुठल्या कंपनीची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण निवाडा करायचा तो पाठीवरच्या बारीक अक्षरांवरूनच.

ती अक्षरं करड्यावर करडी छापलेली असतात, वाचायला जिकिरीची. फोनचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरका धरा आणि झूम करून फोटो काढा. तीन गोष्टी हव्यात : मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक (सिरियल नंबर) आणि क्षमता. त्या भाच्याला पाठवा. वस्तू अमेरिकेत घेतलेली असल्याने दावा तिथूनच करणं सोपं. त्याने कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन किंवा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या रिकॉलच्या पानावर मॉडेल शोधावं. वर सांगितलेल्या घोषणेत कंपनीने वस्तू मागितलीच नव्हती. पॉवर बँकेवर पक्क्या शाईच्या मार्करने स्वतःचं नाव, तारीख आणि 'रिकॉल्ड' हा शब्द लिहून, मॉडेल आणि अनुक्रमांक दिसेल असा फोटो पाठवायचा. बदल्यात दुसरी पॉवर बँक किंवा गिफ्ट कार्ड. बऱ्याच कंपन्या असंच काहीतरी करतात. त्यांना ती पेटती पीडा परत नको असते, फक्त ती बाद झाल्याचा पुरावा हवा असतो.

म्हणूनच भाचा पुढच्या खेपेला आला की त्याच्याबरोबर ती परत पाठवू नका. चांगली पॉवर बँकही विमानात फक्त हातातल्या सामानात चालते, १०० वॅट-तासांपर्यंत. दहा हजार एमएएचची भरते ३७ वॅट-तास (३.७ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास), तेव्हा एरवी अडचण नसते. पण फुगलेली किंवा सुरक्षेच्या कारणाने परत मागवलेली लिथियम बॅटरी विमानाने नेताच येत नाही, ना हातात, ना सामानात, ना पार्सलने. कुरिअरवाल्याला 'इलेक्ट्रॉनिक सामान' सांगून ती खपवणं म्हणजे दुसऱ्याच्या गोदामात आग ठेवून येणं.

'आमची तर नीट चालते' हे वाक्य आम्हाला जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटतं. त्या साडेअकरा लाख पॉवर बँकांमागे आग किंवा स्फोटाच्या तक्रारी होत्या १९. म्हणजे बाकी सगळ्यांची तेव्हा नीटच चालत होती! सेलच्या आत दोन विद्युतध्रुवांच्या मध्ये केसाहूनही पातळ पडदा असतो. कारखान्यात त्याच्याजवळ धातूचा बारीकसा कण राहिला किंवा कडा किंचित दुमडली, तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. चार्जिंगचे शेकडो फेरे होतात, पट्ट्या थोड्या फुगतात-आक्रसतात, आणि एक दिवस कण पडद्यातून पलीकडे टेकतो. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ परत मागवला. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याशी पट्टी वाकलेली निघाली, म्हणून दुसऱ्याच्या बॅटऱ्या बसवून फोन बदलून दिले. त्यांत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे निघाले, आणि तेही परत घ्यावे लागले. मोठमोठ्या प्रयोगशाळा असलेल्या कंपनीला जे आधी दिसलं नाही, ते घरी हातात धरून दिसणार नाही. दोन वर्षं चालली याचा अर्थ एवढाच की दोन वर्षं चालली.

दावा पूर्ण झाला की ती घंटागाडीत टाकायची नाही. गाडीत कचरा दाबला जातो आणि दाबलेला सेल पेटतो. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात उन्हाळ्यात आधीच काय कमी आगी लागतात? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत ई-कचरा संकलकांची यादी असते, नागपुरात मंडळाचं कार्यालयही आहे. संकलकाला फोनवरच 'फुगलेली आहे' असं सांगा, पॉवर बँकेच्या वायर लावायच्या तोंडांवर चिकटपट्टी लावा आणि ती रेतीच्या डब्यातूनच न्या.

बर्डीच्या दुकानदाराला मात्र या बाबतीत आम्ही दोष देणार नाही. वस्तू त्याने विकलेली नाही, तिची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. नवी त्याच्याकडूनच घ्यायची असेल तर भारतात विकायच्या पॉवर बँकेवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो, आयएसआय शिक्का देणारी सरकारी संस्था) नोंदणी चिन्ह लागतं : 'आर-' आणि पुढे आठ आकडे. बीआयएस केअर नावाचं सरकारी मोफत अ‍ॅप फोनमध्ये घ्या, त्यात तो आर-क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि मॉडेल डब्याशी जुळलं तर घ्या. नसेल जुळत तर 'सेम माल आहे मॅडम' यावर पैसे सोडू नका.

कुकरच्या बाबतीत चित्र उलटं आहे. इथे कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

घरगुती प्रेशर कुकरसाठी केंद्र सरकारचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. तेव्हापासून आयएस २३४७ या मानकानुसार बनवलेला आणि आयएसआय चिन्ह असलेलाच कुकर विकता येतो, दुकानात असो की ऑनलाइन. तुमचा कुकर गेल्या वर्षी विकला गेला, म्हणजे ती विक्रीच नियमबाह्य होती. 'परतीची मुदत दहा दिवस' ही अट आवडलं-नावडलं, रंग वेगळा आला, अशांसाठी ठीक. विकताच येत नव्हती अशा वस्तूला ती लावून कशी चालेल?

पण आधी शिक्का खरंच नाही ना, हे पाहून घ्या. तो डब्यावर किंवा चिकटवलेल्या कागदावर नव्हे, कुकरच्या अंगावर ठोकलेला किंवा कोरलेला असायला हवा, बहुधा बुडाशी. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक (आयएस २३४७), मध्ये ओळखीचं चिन्ह, खाली 'सीएम/एल' आणि त्यापुढे परवान्याचा आकडा. नुसतं चिन्ह असेल आणि खाली आकडा नसेल तर ते शोभेचं समजा. आकडा असेल तर तोही बीआयएस केअरमध्ये टाका आणि उत्पादकाचं नाव, वस्तू, परवान्याची स्थिती या तिन्ही गोष्टी ताडून पाहा. पत्ता निघाला नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्याचा, असंही होतं.

शिक्का एवढा महत्त्वाचा का, तर कुकरमध्ये वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास. तो दाब सांभाळणाऱ्या व्यवस्था एकामागे एक असतात. पहिली शिटी. वाफेच्या नळीत डाळीचा फेस किंवा साल अडकलं की ती बसते. मग दुसरी, सेफ्टी व्हॉल्व्ह : त्यात ठराविक तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो, पाणी आटलं की तो वितळून वाफेला वाट देतो. बऱ्याच कुकरांना तिसरीही असते. झाकणाच्या कडेला मुद्दाम एक खाच ठेवलेली असते, दाब फारच वाढला की रबर रिंग तिथून बाहेर ढकलली जाते आणि वाफ एका बाजूने निघून जाते. मानक तपासतं ते हेच : मिश्रधातू खरंच वेळेवर वितळतो का, दाब असताना झाकण फिरवून उघडता येतं का, कान आणि दांडा दाबाला टिकतात का. शिक्का नसलेल्या कुकरमध्ये हे सगळं दिसायला तसंच असतं. व्हॉल्व्हच्या जागी व्हॉल्व्हच्या आकाराचा तुकडा बसवलेला असला तरी दुकानात ओळखू येत नाही. तो कळतो शिटी अडकली त्या दिवशी. तेव्हा कुकर आजपासून बंद. 'फक्त भातापुरता' हीसुद्धा सवलत नको.

जाता जाता, शिक्का असलेला कुकरही घरी बिघडवता येतो, आणि सगळ्यात जास्त बिघडतो तो दुरुस्तीवाल्याकडे. सेफ्टी व्हॉल्व्ह 'सारखा जातो' म्हणून त्या भोकात स्क्रू-नट घट्ट बसवून देणारे कारागीर आहेत. रिंग दुसऱ्याच कंपनीची, व्हॉल्व्ह दहा रुपयांचा, मग वरचा आयएसआय शिक्का काय कामाचा? सुटे भाग त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे घ्या. झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहा, दोन सेकंदांचं काम आहे. डाळ अर्ध्याच्या वर आणि बाकी काहीही दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. रिंग कडक झाली, चिरली की बदला, उलटी करून वापरू नका.

पैसे मागायचे कसे? आधी पुरावा : कुकरचे चारही बाजूंनी आणि बुडाचा फोटो, ऑर्डरचा क्रमांक, बिल, आणि वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट. हा स्क्रीनशॉट तक्रार करण्याआधी घ्या, नंतर पान गायब होतं. मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. चॅटवरच्या 'आम्हाला खेद आहे'शी वाद घालण्यात वेळ घालवू नका. मजकूर एवढा पुरे : 'अमुक तारखेला, अमुक ऑर्डर क्रमांकाने घेतलेल्या प्रेशर कुकरवर आयएस २३४७ चं मानक चिन्ह नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून असा कुकर विकता येत नाही. पूर्ण किंमत परत करावी आणि वस्तू आपल्या खर्चाने न्यावी. ही मागणी परतीच्या मुदतीखाली नसून सदोष व असुरक्षित वस्तूबद्दल आहे.'

'आम्ही नुसते मध्यस्थ, विक्रेता वेगळा' असं उत्तर येईल. हाच मुद्दा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे २०२२ मध्ये आला होता. प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला आपल्या मंचावरून विकले गेलेले २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ बिनशिक्क्याचे कुकर परत मागवून ग्राहकांना पैसे द्यायला सांगितलं, वर प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. कंपन्या त्या आदेशांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, म्हणजे आदेश निघाला आणि पैसे खात्यात आले, इतकं ते सरळ नसतं. पण असुरक्षित वस्तू परत मागवायचा आणि किंमत परत द्यायला लावायचा अधिकार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० नेच प्राधिकरणाला दिला आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख असला की उत्तराचा सूर बदलतो.

महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बीआयएस केअरमध्येही तक्रारीची सोय आहे, आणि बीआयएसचं शाखा कार्यालय नागपुरातच आहे. बिनशिक्क्याच्या मालावर धाड घालण्याचं काम त्यांचं. फार कमी लोक वापरतात अशी आणखी एक वाट आहे. बऱ्याच ग्राहकांना एकत्र बाधणारी बाब असेल तर कलम १७ नुसार तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. साध्या कागदावर अर्ज, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे. यापैकी कशानेच काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरातच दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ८९९ रुपयांसाठी एवढं करायचं का, हे तुम्ही ठरवा. आमचं मत विचाराल तर १९१५ आणि बीआयएसपर्यंत जरूर जा, कारण तोच विक्रेता तोच कुकर आजही विकत असेल. आयोगाकडे जायची वेळ कुणाला भाजलं, काही जळलं तर येते. तेव्हा मात्र ८९९ नव्हे, भरपाईचा प्रश्न असतो, आणि परदेशी उत्पादकाला नोटीस बजावता येत नसेल तर विक्रेत्यावर जबाबदारी येते.

या सगळ्यात एक नवाच उपद्रव शिरला आहे. 'तुमची वस्तू रिकॉल झाली, पैसे परत मिळवायला इथे दाबा.' पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, ओटीपीही नाही. कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका, बिलावरचा किंवा डब्यावरचा घ्या. फसलात तर पहिल्या तासाभरात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

दुकानदाराचं 'रिकॉल गाड्यांचे असतात' हेही अगदीच हवेतलं नाही. गाड्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र व्यवस्था आहे. कंपन्या २०१२ पासून स्वेच्छेने गाड्या परत बोलावतात आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सक्तीही करू शकतं. एप्रिल २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरी पेटायला लागल्या तेव्हा ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ स्कूटरी तपासणीला बोलावल्या, ते आठवत असेल. तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर आरसीवरचा १७ अक्षरी चासी क्रमांक कंपनीच्या साइटवर रिकॉलच्या पानात टाकून पाहा. सेकंड हँड गाडी असेल तर नक्कीच, कारण कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. विशेषतः टाकाटा कंपनीच्या एअरबॅग असलेल्या जुन्या गाड्या : त्यांच्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, मग फुगा फुगताना धातूचं कवचच फुटून तुकडे अंगावर येतात. भारतात होंडाने जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड यासाठी अनेकदा बोलावल्या. बदलून फुकट मिळतं. जॉब कार्डावर 'रिकॉल' असं लिहून घ्या आणि ते जपून ठेवा.

राहिला कूलर. त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुमचा लोखंडी कूलर कधीच रिकॉल होणार नाही, कारण तो परत मागवायला कुणी नाहीच. पत्र्याची पेटी एकाची, मोटर दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा, जोडला चौथ्याने. ना मॉडेल, ना अनुक्रमांक, ना कुणी ठेवलेली नोंद. नागपूरच्या घरांत विजेची सर्वात धोकादायक वस्तू हीच, आणि तिची तपासणी करणारे फक्त तुम्ही.

दरवर्षी खस लावायच्या आधी वायरमनला बोलावून चार गोष्टी करून घ्या. प्लग तीन पिनांचा, आणि त्यातली हिरवी वायर खरोखर कूलरच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली. वायर प्लगपर्यंत येते आणि पत्र्याला जोडलेलीच नसते, हे अगदी नेहमीचं. पेटी उघडून डोळ्यांनी पाहा. दुसरं, घराचं अर्थिंग जिवंत आहे का, हे दिव्याने नव्हे, मीटरने मोजून. तिसरं, पंपाच्या वायरला टाकीच्या आत एकही जोड नको. चिकटपट्टीचा जोड पाण्यात आठवडाभरही टिकत नाही. वायर चिरली असेल तर पंपच बदला. चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. तो १०-१६ अँपिअरला पडतो आणि माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शेकडो पट कमी करंट पुरतो. आरसीसीबी गळणारा करंट ओळखून सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली तर ठीक. नाही पडली तर ती फक्त फळ्यावरची शोभा. आणि कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बंद असतानाही आत वीज असते.

मावशींना कुकर द्यावा का, या प्रश्नाला उत्तर 'नाही'. तुमच्या गॅसवर जो फुटू शकतो तो त्यांच्याही गॅसवर फुटतो, आणि त्यांच्याकडे स्वयंपाकाची जागा बहुधा आणखी लहान असते. द्यायचाच असेल तर पैसे परत आल्यावर शिक्क्याचा नवा घेऊन द्या, तीन लिटरचा साधा ॲल्युमिनियमचा पुरतो. ओएलएक्सवर किंवा जुन्या बाजारातही विकू नका. पैसे खात्यात येईपर्यंत आणि साइटवाले 'वस्तू नको' असं लेखी कळवेपर्यंत मात्र त्याला हात लावू नका, कारण तोच पुरावा आहे. नंतर रिंग कात्रीने दोन ठिकाणी कापा, शिटी आणि व्हॉल्व्ह काढून वेगळे टाका, भांड्याचे कान हातोडीने असे वाकवा की झाकण पुन्हा बसणार नाही. मग भंगारवाल्याला द्या. वजनाचा भाव तेवढाच मिळतो.